थंडीचा अंदाज पावसाळ्यातच का दिसतो? सिमल्यात आकडे जुळवणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट

दसरा झाला, सोयाबीनची मळणी उरकत आली की लातूर-नांदेडकडे मोबाईलवर एक ठरलेला मेसेज फिरू लागतो. यंदा ला निना आहे, हाडं गोठवणारी थंडी पडणार. एखाद्या वर्षी तोच मेसेज उलटा येतो. यंदा एल निनो आहे, स्वेटर बाहेर काढायची गरजच पडणार नाही. मेसेज कुणी लिहिला हे कुणालाच माहीत नसतं. पण पुढे पाठवायला कुणी थांबत नाही.

शहरात हा गप्पांचा विषय असेल, शेतात मात्र हिशेबाचा आहे. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा टाकायचा, करडई घ्यायची की पाणी आहे म्हणून गहू करायचा, हे ऑक्टोबरमध्येच ठरवावं लागतं. गव्हाला फुटवे यायला आणि दाणा भरायला थंडी लागते. काळ्या रानातला कोरडवाहू हरभरा जमिनीतल्या ओलीवर वाढतो आणि थंडी टिकली तर तो सावकाश, चांगला भरतो. ढगाळ वातावरण राहिलं तर घाटेअळी, धुई पडली तर तुरीची फुलगळ. नांदेडच्या अर्धापूर-मुदखेड भागात केळीचं गणित उलटं. पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते, घड नीट भरत नाहीत. म्हणजे एकाच थंडीची एका तालुक्यात वाट पाहिली जाते आणि दुसऱ्या तालुक्यात धास्ती असते.

दोन-तीन महिने आधी थंडीबद्दल काही सांगता येतं का? येतं, पण थोडंसंच. ते थोडंसं का येतं आणि त्यापुढे का येत नाही, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे, सिमल्यातल्या एका सरकारी कचेरीत जावं लागतं. ला निना, एल निनो या शब्दांमागचं हवेच्या दाबाचं कोडं जिथे मांडलं गेलं ती हीच कचेरी. तिचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर.

हवामानाचा गंध नसलेला गणिती

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या रॉचडेल या गावी झाला. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये गेले आणि १८८९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. महाराष्ट्राला हा किताब रँग्लर परांजपे यांच्यामुळे ठाऊक आहे. र. पु. परांजपे यांनी तो बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये मिळवला.

परीक्षेच्या ताणानं वॉकर यांची तब्येत ढासळली. काही हिवाळे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये काढले आणि तिथे बर्फावर स्केटिंगचा नाद लागला. दुसरा नाद बूमरँगचा. फेकलेलं लाकूड वळून परत कसं येतं याचं गणित त्यांनी मांडलं. १८९७ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि मित्रमंडळींत ते बूमरँग वॉकर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. बासरीच्या रचनेत सुधारणा, पक्षी पंख न हलवता आकाशात कसे तरंगतात याचा अभ्यास, विद्युतचुंबकत्व असा त्यांचा पसारा होता. हवामानशास्त्र त्यात कुठेच नव्हतं.

तरीही १९०४ मध्ये भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. त्यांच्या आधीचे प्रमुख सर जॉन इलियट हेही केंब्रिजचेच गणिती. हवामानाचा पेच आता गणित येणाऱ्या माणसाकडूनच सुटेल, असं इलियट यांचं मत होतं. नेमणुकीनंतर वॉकर यांनी युरोप-अमेरिकेतल्या हवामान कचेऱ्या पाहून घेतल्या आणि सिमला गाठलं. वय होतं ३५.

अंदाज गोपनीय ठेवण्याची वेळ का आली?

सिमल्यात त्यांच्या वाट्याला आलेली खुर्ची आरामाची नव्हती. १८७५ मध्ये हवामान खातं सुरू झालं आणि लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला. दख्खनचं पठार त्यात होरपळलं. आजचे लातूर आणि नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते आणि या राज्यालाही त्याची झळ बसली. दुष्काळ आधी कळला असता तर धान्याची सोय करता आली असती, असा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे पाहायला सुरुवात केली. वसंत ऋतूत बर्फ जास्त असेल तर पुढचा पाऊस कमी, असा त्यांचा ठोकताळा होता. १८८६ पासून पावसाचा अंदाज दरवर्षी नियमानं निघू लागला.

थंडीच्या हंगामाचा अंदाजही त्याच काळातला. डिसेंबर १८९३ मध्ये खात्यानं जानेवारी ते मार्च या महिन्यांतल्या, उत्तर आणि मध्य भारतातल्या पाऊस-बर्फाचा पहिला अंदाज काढला. उत्तरेच्या गव्हासाठी हा हिवाळी पाऊस मोलाचा.

इलियट यांनी अंदाजात खूप काही घातलं, पण त्यांचे अंदाज लांबलचक होते. १८९९ मध्ये त्यांनी चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि त्याच वर्षी पाऊस पार फसला. पुढच्या दुष्काळात लाखो माणसं गेली. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं. परिणाम असा की त्यानंतरची काही वर्षं अंदाज लोकांपुढे मांडलाच जात नव्हता, तो सरकारी कागदांत गोपनीय राहायचा. वॉकर आले तेव्हा ही परिस्थिती होती.

कारण नंतर शोधू, आधी आकडे बघू

वॉकर यांनी एक कबुली सुरुवातीलाच मनाशी दिली असावी असं त्यांच्या कामावरून दिसतं. वातावरण इतकं गुंतागुंतीचं आहे की भौतिकशास्त्राची समीकरणं मांडून पुढचा हंगाम सोडवणं तेव्हा शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी वाट बदलली. जगभरातल्या ठाण्यांचे जुने आकडे गोळा करायचे आणि कुठल्या ठिकाणची कुठली नोंद भारतातल्या पुढच्या पावसाशी हातात हात घालून चालते ते तपासायचं.

यासाठीचं हत्यार म्हणजे सहसंबंध गुणांक. दोन गोष्टी नेहमी बरोबरीनं वर-खाली होत असतील तर उत्तर अधिक १, नेहमी उलट होत असतील तर उणे १ आणि काहीच नातं नसेल तर शून्याच्या आसपास. आज मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे एका सूत्रात निघतं. तेव्हा कारकुनांची फौज बसवून, कागदावर, वर्षानुवर्षांच्या आकड्यांचे गुणाकार करावे लागत. वॉकर यांच्या कचेरीत भारतीय कारकून हेच काम करत होते. त्या काळात संगणक हा शब्द वापरायचा तर तो या माणसांनाच लावावा लागेल.

या आकडेमोडीतून १९०९ च्या सुमारास पहिलं सूत्र तयार झालं. त्यात चार गोष्टी होत्या. मे महिन्याच्या शेवटी हिमालयात साठलेला बर्फ, मॉरिशसमधला हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारचा एप्रिल-मेमधला पाऊस. या यादीत भारतातली खूण एकच, बाकी तिन्ही सातासमुद्रापार. आपल्याकडच्या पावसाचं कारण आपल्याच शिवारात सापडेल ही समजूत या सूत्रानं मोडली.

१९१० मध्ये त्यांनी आणखी एका समजुतीला हात घातला. जंगलं तोडली, कालवे काढले म्हणून भारताचं हवामानच बदललं आणि म्हणून पाऊस फसतोय, असं त्या काळी बोललं जायचं. वॉकर यांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि तसा पुरावा दिसत नाही असं मांडलं. सूर्यावरचे डाग आणि पाऊस यांचं नातंही त्यांनी तपासलं. ते फारच अशक्त निघालं.

या सगळ्यात एक वेगळा प्रसंग येतो. १९१३ च्या फेब्रुवारीत वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथे पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. कारकुनाचं नाव श्रीनिवास रामानुजन. तो सोडवत असलेलं गणित वॉकर यांच्या विषयातलं नव्हतं, पण त्याचा दर्जा त्यांना कळला. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून रामानुजन यांना काही वर्षं निश्चिंतपणे गणित करता येईल अशी सोय करण्याची शिफारस केली. त्यानंतर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. हवामान खात्याच्या इतिहासात या पत्राला जागा नसेल, गणिताच्या इतिहासात आहे.

३२ खुणा आणि एक नाणं

वॉकर यांच्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग बहुतेकांना माहीत नसतो. तो १९१४ च्या त्यांच्या लेखनात आहे आणि व्हॉट्सॲपच्या जमान्यात तो अधिकच लागू पडतो.

समजा, थंडी कडक पडणार की नाही हे सांगणाऱ्या गावातल्या ३२ खुणा गोळा केल्या. मुंग्या किती उंच वारूळ करतात, बाभळीला फुलं केव्हा आली, धोबी पक्षी किती लवकर दिसला, कोळ्यांनी जाळी कुठे विणली, हस्ताच्या नक्षत्रात वारा कुठून होता, वगैरे. समजा, यातल्या एकाही खुणेचा थंडीशी काडीचा संबंध नाही. तरीही प्रत्येक खूण नाण्यासारखी, निम्म्या वेळा बरोबर येणारच. एखादी खूण सलग पाच वर्षं बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये एक. म्हणजे ३२ खुणा तपासल्या तर सरासरीनं एक खूण पाचही वर्षं अचूक ठरते, निव्वळ योगायोगानं. मग लोकांच्या लक्षात तीच राहते. उरलेल्या ३१ कुणी मोजत नाही.

वॉकर यांनी हीच अडचण हवामान शास्त्रज्ञांसमोर मांडली. शेकडो ठाण्यांचे आकडे चाळले तर काही आकडे पावसाशी छान जुळणारच. त्यातला सगळ्यात मोठा गुणांक उचलून शोध लागला म्हणून नाचायचं नाही. किती आकडे चाळले त्या प्रमाणात कसोटी कडक करायची. किती गुणांक मोठा असला तर तो खरा मानायचा, याचं मोजमाप त्यांनी देऊन ठेवलं. स्वतःच्या सूत्रांनाही त्यांनी हीच कसोटी लावली.

सहदेव-भाडळीच्या नावानं चालत आलेल्या पावसापाण्याच्या खुणा मराठवाड्यात आजही सांगितल्या जातात. त्या सगळ्या फोल आहेत असं यातून निघत नाही. काही खुणांमागे सरळ कारण असतं. पहाटे पाल्यावर भरपूर दव पडतंय, आकाश निरभ्र आहे, वारा उत्तरेकडून वळलाय, तर पुढचे दोन-चार दिवस रात्री गार राहतील हे पक्कं. निरभ्र आकाशात जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते आणि हवेतली वाफ थंड पानांवर दव होऊन बसते. पण ही खूण दोन-चार दिवसांची. तिच्यावरून जानेवारी सांगता येत नाही. पक्ष्यांचंही तसंच. धोबी सप्टेंबरमध्ये येतो कारण उत्तरेत दिवस लहान होऊ लागतात. आपल्याकडे पुढे किती थंडी पडणार हे त्याला कळलेलं नसतं.

समुद्रावरचा सी-सॉ

पहिल्या महायुद्धात खात्याची बरीच माणसं लष्करी कामाला गेली. १९१८ मध्ये पाऊस पुन्हा फसला, त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली. वॉकर यांची आकडेमोड चालूच होती. १९२३-२४ पर्यंत त्यांच्याकडे जगभरातल्या दाबाच्या, पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींचं मोठं जाळं तयार झालं होतं. त्यातून तीन मोठी आंदोलनं दिसली. एक उत्तर अटलांटिकवर, एक उत्तर पॅसिफिकवर आणि तिसरं, सगळ्यात मोठं, पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यामध्ये. या तिसऱ्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं, म्हणजे दक्षिणी आंदोलन.

हा प्रकार बागेतल्या सी-सॉसारखा आहे. पॅसिफिकच्या बाजूला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो आणि काही काळानं उलट होतं. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यावर दुष्काळ अनेकदा एकाच वर्षी का येतो याचं उत्तर या हेलकाव्यात होतं. अशा हेलकाव्याची शंका वॉकर यांच्याआधीही काहींनी व्यक्त केली होती. स्वीडनचे हिल्डेब्रँडसन यांनी १८९७ मध्ये, तर इंग्लंडच्या लॉकियर पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पण सगळ्या जगाच्या आकड्यांवर तो तपासून, त्याला नाव देऊन, त्याचं मोजमाप ठरवणारे वॉकर.

समुद्राचं पाणी तापण्या-निवण्याचा यात हात असावा असं त्यांना वाटत होतं. ते सिद्ध करायला लागणाऱ्या समुद्रावरच्या नोंदी मात्र तेव्हा नव्हत्या. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्या उबदार पाण्याला एल निनो म्हणत होते, ते आणि सिमल्याच्या कागदांवरचं आंदोलन ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे पुढे सिद्ध व्हायचं होतं.

शोधायला गेले पाऊस, सापडला हिवाळा

थंडीच्या अंदाजाचा धागा इथे सुरू होतो. वॉकर यांना पावसाळ्याच्या आधी मिळणाऱ्या खुणा हव्या होत्या. म्हणून त्यांनी तपासलं की हिवाळ्यातल्या दक्षिणी आंदोलनावरून पुढच्या जून ते ऑगस्टचं आंदोलन सांगता येतं का. जवळजवळ नाही. मग उलट तपासलं. जून ते ऑगस्टच्या आंदोलनावरून पुढच्या डिसेंबर ते फेब्रुवारीचं सांगता येतं का. इथे गुणांक ०.८ च्या वर गेला. हवामानाच्या दुनियेत इतका मोठा आकडा क्वचितच दिसतो.

याचा अर्थ सोप्या भाषेत असा की वसंत ऋतूत हा सी-सॉ डळमळतो, कुठे झुकेल सांगता येत नाही. पावसाळ्यात तो एका बाजूला झुकला की मग बहुधा हिवाळा संपेपर्यंत तिकडेच राहतो. मोसमी पाऊस पुढच्या जगाबद्दल बरंच सांगतो, स्वतःबद्दल मात्र आधी फारसं सांगू देत नाही. वॉकर यांच्यानंतर खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये साधारण हेच म्हटलं होतं. पावसाचा अंदाज वर्तवण्यासाठी भारतात पाठवलेल्या माणसाच्या हाती लागलेली सगळ्यात भक्कम गोष्ट पावसाळ्यानंतरच्या हंगामाची निघाली. नशिबाची ही चेष्टा वॉकर यांच्याही लक्षात आली असणार.

म्हणूनच आज सप्टेंबरमध्ये पॅसिफिकचं पाणी थंड असेल, तर हिवाळ्यात ला निना राहील असं हवामान संस्था बऱ्याच खात्रीनं सांगू शकतात. मार्चमध्ये पुढच्या पावसाळ्याबद्दल त्याच संस्था जपून बोलतात.

मग लातूर-नांदेडला थंडी पडणार का?

पॅसिफिकमधल्या स्थितीचा अंदाज आणि औसा-उदगीरच्या किमान तापमानाचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेसेजमध्ये गफलत होते ती इथे.

ला निनाच्या वर्षांत उत्तर भारतात हिवाळा जास्त गार राहण्याकडे कल दिसतो. मराठवाड्यापर्यंत येता येता हा धागा सैल होतो. आपल्याकडची थंडी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला की त्यामागून कोरडे, गार वारे मध्य भारत ओलांडून खाली उतरतात का, ही एक. दुसरी, त्या वेळी बंगालच्या उपसागरातल्या एखाद्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे किंवा वादळामुळे आपल्या आकाशात ढग येतात का. ढग आले की ते रात्री गोधडीसारखं काम करतात, जमिनीची ऊब अडते आणि पारा चढतो. या दोन्ही गोष्टी फार तर आठ-दहा दिवस आधी कळतात. ला निनाच्या हिवाळ्यातही डिसेंबरचा एखादा आठवडा ढगाळ, दमट जाऊ शकतो आणि एल निनोच्या हिवाळ्यातही आठवडाभर कडाक्याची थंडी पडू शकते.

त्यात जागेचा फरक. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदावरीकाठी सखल, परभणीच्या मोकळ्या रानात तर मराठवाड्यातलं नीचांकी तापमान बऱ्याचदा नोंदलं जातं. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरते, पाठोपाठ लातूरकडची येळवस येते. शेतात भज्जी-आंबील जेवताना थंडी वाजते की ऊन लागतं, हे पॅसिफिक महासागर एकटा ठरवत नाही.

आणखी एक. सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. नुसता गारठा जाणवला म्हणजे लाट आली असं होत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा दूरचा समुद्र मराठवाड्याला चांगलाच ओळखीचा आहे. २०१४ मध्ये देशात पाऊस सरासरीच्या ८८ टक्के झाला, २०१५ मध्ये जोरदार एल निनो आला आणि पाऊस ८६ टक्क्यांवर थांबला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. १० टँकरमध्ये ५ लाख लिटर पाणी होतं. आता दुसरी बाजू. १९९७ मध्ये त्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक आला आणि देशात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. एल निनो म्हटलं की दुष्काळ नक्की, असं समीकरण मांडणाऱ्यांना या वर्षानं गप्प केलं.

अंदाज नव्हे, चाहूल

वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी पुढची दहा वर्षं हवामानशास्त्र शिकवलं, रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीचं अध्यक्षपद भूषवलं आणि आकडेमोड चालू ठेवली. १९३० मध्ये त्यांनी हंगामी भाकितांसाठी फोरकास्ट हा शब्द टाळून फोरशॅडोइंग हा शब्द वापरला. मराठीत त्याला चाहूल म्हणता येईल. उद्याच्या पावसाचं भाकीत आणि तीन महिन्यांनंतरच्या हंगामाचं भाकीत यांना एकच शब्द लावला तर लोक दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवतील, ही त्यामागची काळजी. १९३१ मध्ये त्यांनी आकड्यांच्या मालिकेतली आवर्तनं तपासण्यावर लिहिलं. त्यातून आलेली यूल-वॉकर समीकरणं आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना सिग्नल प्रोसेसिंगमध्ये सोडवावी लागतात. त्यातला वॉकर हा हवामान खात्याचा माणूस, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

त्यांच्या हयातीत या कामाला फार यश आलं असं म्हणता येणार नाही. पावसाची सूत्रं काही वर्षं चालली आणि मग त्यातल्या खुणांचा जोर ओसरत गेला. कारण न कळता नुसत्या जुळणीवर उभं केलेलं सूत्र कधी ढिलं पडेल सांगता येत नाही, हा या पद्धतीचा दोष होताच. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी वॉकर यांचं निधन झालं. त्यांच्यावरच्या मृत्युलेखातही त्यांच्या कामातून जगाच्या हवामानाचा सिद्धांत उभा राहील ही आशा फळाला आली नाही, असाच सूर होता.

पण त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त जगभर एकाच वेळी नोंदी घेतल्या जात होत्या आणि नेमका त्याच वेळी पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो आला होता. वॉकर यांना न मिळालेले समुद्राचे आकडे या नोंदींत होते. ते घेऊन जेकब ब्येर्कनेस यांनी १९६० च्या दशकात समुद्राचं तापमान आणि दक्षिणी आंदोलन यांची सांगड घातली. पॅसिफिकवर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्यांनी १९६९ मध्ये नाव दिलं, वॉकर सर्क्युलेशन.

सिमला ऑफिस आता पुण्यात

१९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरची दगडी इमारत आणि तिच्या समोरचा चौक यांचं नाव पुणेकरांच्या तोंडी सिमला ऑफिस असंच राहिलं. देशाच्या हंगामी अंदाजाचं काम आजही पुण्यातूनच चालतं. कारकुनांच्या जागी महासंगणक आले आहेत. समुद्र आणि हवा यांची समीकरणं एकत्र सोडवणारी अनेक मॉडेल्स चालवून त्यांचा मिळून निष्कर्ष काढला जातो. वॉकर यांना जे अशक्य वाटलं होतं, ते आता रोज होतं.

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या तापमानाचा अंदाज खातं साधारण नोव्हेंबर संपताना जाहीर करतं. त्यात अमुक दिवशी अमुक अंश असं नसतं. कुठल्या भागात किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त किंवा कमी राहण्याची शक्यता किती, एवढंच नकाशावर दाखवलेलं असतं. तोवर हरभरा उगवून वर आलेला असतो. त्यामुळे पेरणीच्या वेळी हाती असते ती सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पॅसिफिकची स्थिती, म्हणजे वॉकर यांची चाहूल. पेरणीनंतर फवारणी केव्हा करायची, केळीला रात्री पाणी केव्हा द्यायचं, यासाठी पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज आणि त्यावर आधारित कृषी सल्ला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.